साथीचा ताप आणि मावशींचा खाडा

पावसाळा लागला की पुणेकरांच्या बोलण्यात दोन विषय हटकून येतात. एक खडकवासल्याची पातळी आणि दुसरा घरोघरच्या तापाचा. पहिल्याविषयी वर्तमानपत्रांत रोजच्या रोज आकडे छापून येतात व लोक ते आस्थेने वाचतात. दुसऱ्याची वासलात मात्र "व्हायरल आहे, चार दिवसांत जाईल" एवढ्या एका वाक्यात लावली जाते. धडधाकट माणसाच्या बाबतीत हे वाक्य बहुधा खरेही ठरते. परंतु याच शहरात अशा कितीतरी वास्तू आहेत, जेथे ऐंशीच्या घरातील वीस-पंचवीस माणसे एका छपराखाली राहतात, एका पंक्तीला जेवतात, संध्याकाळी एकत्र बसून भजन करतात आणि ज्यांपैकी निम्म्यांना मधुमेह, दमा किंवा हृदयविकार यांपैकी काहीतरी जडलेले असते. त्या ठिकाणी हा चार दिवसांचा ताप शिरला तर तो चार दिवसांत जात नाही, आणि जाताना रिकाम्या हातानेही जात नाही. वृद्धाश्रमांत इन्फ्ल्युएन्झाची साथ शिरू नये व शिरलीच तर पसरू नये यासाठी काय करावयास हवे, या प्रश्नाला पुण्याइतका दुसऱ्या कोणत्याही शहराने विचार द्यावयास हवा होता असे आम्हांस वाटत नाही. तो दिला गेला आहे असेही वाटत नाही.

पेन्शनरांचे गाव म्हणून पुण्याची ख्याती जुनी आहे. नव्या पेठेतील 'निवारा' ही संस्था डेव्हिड ससून यांच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकात उभी राहिली, तेव्हा तिचा हेतू निराधार व पंगू माणसांना आसरा देण्याचा होता. आज वृद्धाश्रमात राहणारे सगळेच निराधार नसतात. मुलगा न्यू जर्सीत, मुलगी मेलबर्नला, प्रभात रस्त्यावरील बंगल्याची जागा विकासकाकडे गेलेली, पेन्शन व्यवस्थित आणि मागेपुढे पाहणारे कोणी नाही, अशी सुस्थितीतील माणसेही मोठ्या संख्येने या वाटेने जाऊ लागली आहेत. सिंहगड रस्त्यापासून वाघोलीपर्यंत त्यांच्यासाठी निघालेल्या संस्थांत धर्मादाय न्यास आहेत, खासगी व्यवसाय आहेत आणि भाड्याच्या बंगल्यात दहा खाटा टाकून चाललेली घरगुती व्यवस्थाही आहे. दर्जात अंतर फार आहे. तापाच्या दृष्टीने मात्र या सर्व जागा सारख्याच.

या शहराला इन्फ्ल्युएन्झाची ओळख नाही असे कोण म्हणेल? ३ ऑगस्ट २००९ रोजी स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी घेतला तो पुण्यातच, एका शाळकरी मुलीचा. त्यानंतरचे दिवस पुणेकर विसरलेले नाहीत. नायडू रुग्णालयाबाहेरच्या रांगा, बंद शाळा, ओस पडलेली चित्रपटगृहे, औषधाच्या दुकानांतून एकाएकी नाहीसे झालेले मास्क. परंतु हीच आठवण आपल्याला फसवते असे आमचे मत आहे. २००९ च्या त्या विषाणूने मुलांना व तरुणांना अधिक ग्रासले. म्हाताऱ्यांपैकी पुष्कळांच्या शरीरात जुन्या काळच्या तत्सम विषाणूंशी झालेल्या सामन्याची काही प्रतिकारशक्ती शिल्लक होती, तिने त्यांना बऱ्याच अंशी सांभाळले. १९१८ साली मुंबई बंदरातून देशभर पसरलेल्या आणि सव्वा कोटीहून अधिक हिंदी माणसे नेणाऱ्या साथीतही भर तारुण्यातील माणसेच विशेष गेली. या दोन मोठ्या आठवणींमुळे फ्लू हा तरुणांवर घाला घालणारा रोग, असा समज आपल्या मनात रुजला आहे. दरसालचा साधा फ्लू नेमका उलट वागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे तो व त्यातून उद्भवणारे श्वसनाचे विकार जगात दरवर्षी २,९०,००० ते ६,५०,००० माणसांचा बळी घेतात. अमेरिकेत अशा मृत्यूंपैकी ७० ते ८५ टक्के हे पासष्टी ओलांडलेल्यांचे असतात. आपल्याकडे ऐंशी वर्षांचे आजोबा गेले की दाखल्यावर न्यूमोनिया किंवा हृदयक्रिया बंद पडणे एवढेच लिहिले जाते, आणि भेटायला येणारे "वय झालेच होते" म्हणून उठतात. आठ दिवसांपूर्वी त्याच खोलीत कोणाला ताप होता, हे विचारण्याचे कोणाला सुचत नाही.

आता हा ताप आत शिरतो कसा? वृद्धाश्रमातील बहुतेक रहिवासी कित्येक आठवडे फाटकाबाहेर पाऊल टाकत नाहीत. अर्थात त्यांना ताप आणून देणारा कोणीतरी बाहेरून येणाराच असला पाहिजे. भेटीला येणारे नातेवाईक आठवड्याला, महिन्याला किंवा दिवाळीला येतात. रोज येतात त्या मावशी. अंथरुणावरून उठवणाऱ्या, अंघोळ घालणाऱ्या, घास भरवणाऱ्या, रात्री डायपर बदलणाऱ्या. एका पाळीत एक मावशी आठ-दहा जणांना हात लावते. जनता वसाहतीतून, दांडेकर पुलावरून किंवा येरवड्याहून ती बसमधून दाटीवाटीने येते. तिच्या घरी शाळेत जाणारी मुले असतात आणि शाळा हे फ्लूचे माहेरघर असते. विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण एक ते चार दिवस जातात, आणि लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस माणूस दुसऱ्याला रोग देऊ शकतो. पहिला दिवस कोणाच्याच हाती नाही. पण पुढच्या पाच-सात दिवसांचे काय?

येथे आम्ही वाचकांचे लक्ष एका अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या कागदाकडे वेधू इच्छितो. तो कागद म्हणजे मावशींचा हजेरीपट. यांपैकी पुष्कळ जणी एजन्सीमार्फत येतात आणि रोजावर काम करतात. आल्या त्या दिवसाचा पैसा, न आल्या त्या दिवसाचा खाडा. दोन दिवस ताप आला म्हणून घरी राहिले तर दोन दिवसांचा रोज बुडतो. चार दिवस राहिले तर बदली बाई कायमची होऊन बसण्याचीही धास्ती असते. तेव्हा ती बाई काय करते? सकाळी तापाची गोळी घेते, पदराने नाक पुसते आणि सहाच्या बसने कामावर येते. गोळीने ताप उतरलेला असल्यामुळे दारात कोणी थर्मामीटर लावला तरी तो काही बोलत नाही. "बरं नाही का?" असे कोणी विचारलेच तर "नाही हो, जरा थंडी बाधली" हे उत्तर तयार असते. तिला खोटारडी म्हणण्याचा अधिकार आपल्यापैकी किती जणांना आहे? पगारी आजारपणाच्या रजा खात्यावर साठवून निवृत्तीच्या वेळी त्यांचा हिशेब करण्याची सवय असलेल्या आम्हा मध्यमवर्गीयांना या खाड्याची कल्पना येणे अवघड आहे. १९४८ च्या राज्य विमा कायद्याने आजारी कामगाराला वर्षातून ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळण्याची सोय केली. पण वृद्धाश्रमात रात्रपाळी करणाऱ्या किती मावशींजवळ या योजनेचे कार्ड आहे, याची चौकशी कोणी एकदा तरी करावी.

हा केवळ तर्क नव्हे. २०२० च्या प्रारंभी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात, किर्कलंड येथील शुश्रूषागृहात कोरोनाने थैमान घातले, तेव्हा तेथील सरकारी आरोग्य अधिकाऱ्यांनी कारणांचा माग काढला. लक्षणे असतानाही कर्मचारी कामावर येत राहिले आणि काही जण एकाहून अधिक संस्थांत पाळ्या करीत होते, ही कारणे त्यांच्या अहवालात नमूद आहेत. रोग निराळा, देश श्रीमंत, पण गोष्ट तीच. पुण्यातही सकाळी कोथरूडच्या आश्रमात आणि रात्री कर्वेनगरच्या घरी अशा दोन पाळ्या करणाऱ्या बाया आहेत. एका पगारात भागत नाही म्हणून त्या करतात.

लसीच्या बाबतीतही आपण असाच विचार अर्ध्यावर सोडून देतो. वृद्धांना दरवर्षी फ्लूची लस द्यावी ही शिफारस आता कोणाला नवी नाही, आणि ती द्यावयासच हवी. तथापि म्हाताऱ्या शरीरात लसीचे बळ तरुणाच्या मानाने कमी पडते, हे वैद्यकशास्त्रच सांगते. म्हणून वृद्धाभोवती वावरणाऱ्यांना लस देऊन त्याच्याभोवती कडे उभारणे हा दुसरा मार्ग. ग्लासगो शहरातील वृद्धांच्या वीस रुग्णालयांत हा प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. जेथे कर्मचाऱ्यांना लस देऊ केली गेली तेथे त्या हिवाळ्यात १३.६ टक्के रुग्ण दगावले आणि जेथे ती देऊ केली नव्हती तेथे २२.४ टक्के. या आकड्यांवर पुढे पुष्कळ वाद झाला, सगळा फरक लसीमुळेच पडला असे मानण्यास अनेक तज्ज्ञ तयार नाहीत, आणि आम्हीही तसा दावा करीत नाही. परंतु लस टोचून घेतलेली मावशी स्वतः आजारी पडण्याचा संभव कमी होतो, एवढे तरी निर्विवाद आहे. तिच्या दृष्टीने तेच पुरेसे कारण आहे. पुण्यात या तापाचा मुख्य जोर पावसाळ्यात असतो, आणि लस टोचल्यानंतर प्रतिकारशक्ती तयार होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून लस एप्रिल-मे महिन्यांत टोचली गेली पाहिजे. हिवाळ्याच्या तोंडावर लस घेण्याची पाश्चात्त्य प्रथा जशीच्या तशी उचलण्यात अर्थ नाही.

मावशी ही ताप आत आणणारी असू शकते, तशीच तो सर्वांत आधी ओळखणारीही तीच असते. म्हातारपणी फ्लूची लक्षणे पुस्तकाप्रमाणे दिसत नाहीत. ताप अंगात चढतोच असे नाही. कधी नुसती अन्नावरची वासना उडते, कधी बोलण्यात असंबद्धता येते, रोज स्वतः संडासला जाणाऱ्या आजी एकाएकी तोल जाऊन पडतात. आठवड्यातून एकदा फेरी मारणाऱ्या डॉक्टरांना हे दिसणार नाही. "काल आजींनी भाकरी टाकली, आज चहाही नको म्हणाल्या" हे सांगू शकते ती त्यांना भरवणारी बाईच. तिच्या या सांगण्याची नोंद ठेवणारी एक साधी वही प्रत्येक मजल्यावर असावी आणि त्या वहीकडे कोणी तरी रोज पाहावे. परदेशी आरोग्य यंत्रणांचा दंडक असा की एकाच ठिकाणी ७२ तासांत दोघे आजारी पडले व त्यांपैकी एकाच्या तपासणीत फ्लू निघाला, की साथ आली असे समजून कामाला लागावे. आजाऱ्यांना विषाणूविरोधी औषध पहिल्या ४८ तासांत मिळाले तर त्याचा गुण अधिक येतो आणि निरोग्यांनाही ते वैद्यकीय सल्ल्याने काही दिवस प्रतिबंधक म्हणून दिले जाते. हे सारे वेळेत होण्याची पहिली अट अशी, की मावशीने जे पाहिले ते तिने सांगावे. कामावरून कमी होण्याच्या भीतीने स्वतःचा ताप लपवणारी बाई दुसऱ्याचा ताप तरी कशी उघड करील?

बाकीचे उपाय सर्वांच्या परिचयाचे आहेत. खोलीच्या दोन्ही बाजूंच्या खिडक्या पावसाळ्यातही थोड्या उघड्या ठेवणे, खाटांत अंतर राखणे, आजाऱ्याला वेगळी खोली व शक्यतो वेगळी मावशी देणे, साबण आणि पाणी हाताशी असणे. साथ असेपर्यंत पंक्ती व भजन बंद ठेवून ताट खोलीत पोचवणे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला मास्क लावून बसवता येत नाही, तेथे तो शुश्रूषा करणाऱ्याने लावावा. यांपैकी एकाही गोष्टीला फार पैसा लागत नाही.

एक उपाय मात्र असा आहे की तो फार लवकर सुचतो व त्याविषयी आम्हांस धास्ती वाटते. तो म्हणजे फाटक बंद करणे. २०२० साली कित्येक वृद्धाश्रमांची दारे महिनोन् महिने बंद राहिली. तेव्हाच्या परिस्थितीत ते अपरिहार्य होते असे आपण मान्य करू. पण काचेआडून मुलाला हात करणाऱ्या आईचे त्या महिन्यांत काय झाले, याचा हिशेब कोणत्याच तक्त्यात लिहिला गेला नाही. साथ थोपवताना माणसांची मने पायदळी गेली तर काय होते, हे पुण्याला १८९७ च्या प्लेगात चांगले समजले आहे. रँडच्या कारभारात घराघरांत घुसलेले गोरे सोल्जर आणि त्यातून पेटलेला संताप या शहराच्या इतिहासाचा भाग आहे. त्याच प्लेगात हडपसरच्या माळावर डॉ. यशवंत फुले यांच्या दवाखान्यात सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करीत होत्या. आजारी मुलाला पाठीवर घालून आणताना त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. सावित्रीबाईंची जयंती आपण मोठ्या भक्तिभावाने साजरी करतो. शुश्रूषा करणाऱ्या हातांना त्याच रोगाचा धोका असतो, ही त्यांच्या मृत्यूतील साधी वैद्यकीय गोष्ट आपल्या लक्षात राहिलेली दिसत नाही. भेटीला येणाऱ्याने सर्दी-पडसे असेल तर त्या आठवड्यात येऊ नये, शिंकणाऱ्या नातवाला आजीच्या मांडीवर बसवण्याची हौस आवरावी, एवढी शिस्त पुरे. सरसकट बंदी नको.

खर्चाचे म्हणाल तर तो मांडून पाहू. पन्नास रहिवासी आणि वीस कर्मचारी असलेला एक आश्रम धरा. लसीला माणशी दीड हजार रुपये धरले तर सत्तर जणांचे वर्षाला १,०५,००० रुपये होतात. वीस कर्मचाऱ्यांना वर्षातून पाच दिवसांची पगारी आजारपणाची रजा द्यावयाची, रोज सहाशे धरला तर त्याचे ६०,००० रुपये होतात. दोन्ही मिळून १,६५,०००. म्हणजे रहिवाशामागे महिन्याला पावणेतीनशे रुपये. ज्या संस्था महिन्याला पंचवीस-तीस हजार घेतात, त्यांना हे जड जाऊ नये. नातेवाइकांनाही एक विनंती. आई-वडिलांसाठी जागा पाहावयास जाताना आपण हिरवळ पाहतो, जेवणाची चव विचारतो, खोलीला बाल्कनी आहे का हे विचारतो. त्याबरोबरच "तुमच्या मावशींना ताप आला तर त्या घरी राहू शकतात का?" हाही प्रश्न विचारावा. उत्तर देताना व्यवस्थापक चाचरले तर पुढचा विचार ज्याने त्याने करावा.

देणग्यांवर चालणाऱ्या गरीब संस्थांना मात्र हा भार पेलणार नाही आणि तेथे महानगरपालिकेचे काम सुरू होते. ज्येष्ठांच्या निर्वाहासाठी २००७ साली झालेल्या केंद्रीय कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल अशा आश्रमाची कल्पना मांडली खरी, पण शासनाने ती "करावी" असे न म्हणता "करता येईल" असा शब्द योजला. त्या एका शब्दात सारे काही आले. २०१५ च्या साथीनंतर राज्य शासनाने गरोदर स्त्रिया, मधुमेह व रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांना फ्लूची लस मोफत देऊ केली. वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांचे मलमूत्र काढणारी बाई आरोग्य कर्मचारी ठरते की नाही? आमच्या मते ती ठरली पाहिजे. तसा खुलासा करण्यास नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरते.

आणि हे कोणत्या शहरात मागावे लागते? १९५२ साली स्थापन झालेली, फ्लूच्या विषाणूवर देशाच्या वतीने नजर ठेवणारी राष्ट्रीय विषाणू संस्था येथे आहे. हडपसरला सिरम इन्स्टिट्यूट आहे. तिने २०१० साली स्वाइन फ्लूवर नाकात सोडावयाची लस बाजारात आणली. आज जगभरच्या मुलांच्या दंडात टोचल्या जाणाऱ्या लसी तिच्या कारखान्यातून जातात. साथीच्या रोगांसाठी स्वतंत्र नायडू रुग्णालय आहे. इतके असूनही पाच मैलांवरच्या आश्रमातील मावशीपर्यंत त्यातली एक सुई पोचू नये, याला काय म्हणावे?

महापालिकेच्या आरोग्य खात्याने प्रथम हद्दीतील लहानमोठ्या सर्व वृद्धाश्रमांची यादी करावी. भाड्याच्या बंगल्यातील दहा खाटांचीही तीत नोंद व्हावी. प्रत्येक आश्रम जवळच्या पालिका दवाखान्याला जोडून द्यावा. एखाद्या आश्रमातून तापाच्या दोन रुग्णांची खबर आली की चोवीस तासांच्या आत नमुने घेण्यास माणूस जावा, आणि खबर देणाऱ्या संस्थेला नोटीस न धाडता मदत मिळावी. नोटिशीच्या भयाने खबर दाबली जाते हा सार्वत्रिक अनुभव आहे. गरीब संस्थांतील कर्मचाऱ्यांची लस आणि त्यांच्या आजारपणाच्या पाच दिवसांचा रोज यांसाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद हवी. चौकांच्या सुशोभीकरणासाठी दरसाल जी रक्कम निघते, तिच्यातील एखाद-दुसरे कारंजे वगळले तरी ती भागेल. अंदाजपत्रक वर्षअखेरीस मंजूर होते, लस एप्रिलमध्ये टोचावयाची असते आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस येतो. मधल्या काळात निविदा काढावयाच्या असतील तर त्यांची तयारी दिवाळीनंतर लगेच सुरू झाली पाहिजे.